शेवंतीची चंदी मोजताना

डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "शेवटची लीद कधी टाकली?" तबेल्यात उभे आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. आबांना वाटत होतं दुपारी. माझ्या मुलाला वाटत होतं सकाळी. मला काहीच माहीत नव्हतं, आणि घोडी पुढच्या खुराने जमीन उकरत, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट आहे. आमचं गाव फलटण तालुक्यात, कालव्याच्या पाण्यावरचं. ऊस, मका, लसूणघास, गाई, आणि आबांच्या हौसेची दोन घोडी. शेवंती कुमैत रंगाची मारवाडी घोडी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. दत्तजयंतीला तापीकाठी तो बाजार भरतो. आबा तिथे तीन दिवस फिरले आणि तिच्या एकमेकांना टेकणाऱ्या कानांवर भाळले. दुसरा पवन, म्हातारा, अठरा वर्षांचा, अंगाने उतरलेला. त्याच्याबद्दल नंतर सांगते, कारण त्याची अडचण शेवंतीच्या अगदी उलट निघाली.

त्या दिवशी मुलाने शेवंतीवर लांबची रपेट केली होती. घोडी दमली म्हणून आबांनी संध्याकाळी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवून दिली. नव्या वाफ्यातल्या लसूणघासाची पहिली कापणी झाली होती. हिरवागार, कोवळा घास. एरवी मूठभर मिळायचा, त्या दिवशी मी स्वतः दोन मोठे भारे तिच्यापुढे टाकले. प्रेमाने टाकले. रात्री साडेनऊला ती आडवी झाली, उठली, पुन्हा आडवी झाली आणि लोळायला लागली.

आबा हिंग-ओव्याचं तेल बाटलीत भरून तयार होते. डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं. तोंडातून काहीही ओतायचं नाही, घोड्याला उलटी करता येत नाही आणि ओतलेलं फुप्फुसात गेलं तर पोटापेक्षा ते महागात पडेल. पुढ्यातली वैरण उचला, लोळायला लागली तर सावकाश चालवा, मी निघतोय. ते पोचेपर्यंत दीड तास गेला. आबा लगाम धरून अंगणात फेऱ्या मारत होते, मी बॅटरी धरून मागे. तिच्या मानेवर घामाचे ओघळ होते आणि पोट दोन्ही बाजूंनी ताणलेलं.

डॉक्टरांनी आल्या आल्या छातीला नळी लावली. नाडी मिनिटाला ५६. निरोगी घोड्याची ती २८ ते ४४ च्या आसपास असते, साठच्या वर गेली की प्रकरण गंभीर मानतात. हिरड्या बघितल्या, कुशीला कान लावून आतड्यांचे आवाज ऐकले, हात घालून तपासलं, नाकातून नळी पोटात सोडली, वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि नळीतून लिक्विड पॅराफिन ओतलं. पहाटे तीनच्या सुमाराला तिने वारा सोडला आणि साडेचारला लीद टाकली. आबा खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांना असं आधी एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा.

निघताना डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. "घोडीचं वजन किती? आणि दिवसाला ती किती किलो खाते?" आबा म्हणाले, "दोन टाइम डबा, आणि वैरण पोटभर." डॉक्टर म्हणाले, "डबा म्हणजे किती किलो, आबा?"

पुढचं वर्षभर जे केलं त्याची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

दुसऱ्या दिवशी मी शिवणाची टेप घेऊन तबेल्यात गेले. घोड्याला काट्यावर चढवायची सोय नसेल तर वजनाचा अंदाज टेपने येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंडाच्या उंचवट्यावरून छातीचा घेर घ्यायचा, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की आलं किलोमध्ये वजन. शेवंतीचा घेर १६८ आणि लांबी १५२. वजन आलं ३६१ किलो. नुसत्या वजनावर भागत नाही, हातही फिरवावा लागतो. जगभरात घोड्याच्या अंगाला १ ते ९ गुण द्यायची एक पद्धत वापरतात, १९८३ मध्ये अमेरिकेत टेक्ससला ती तयार झाली. मान, वशिंड, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ अशा सहा जागा चाचपायच्या. ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हलक्या हाताला लागतात. शेवंतीच्या लागत नव्हत्या, बोटं दाबून शोधाव्या लागल्या. मानेच्या आयाळीखाली चरबीचा घट्ट वळ होता. आम्ही सगळे त्यालाच तजेला म्हणत होतो.

मग डबा. वनस्पती तुपाचा जुना दोन लिटरचा पत्र्याचा डबा, माझ्या लहानपणापासून चंदीचं माप तोच. कांद्याच्या वखारीतला ताणकाटा आणला, कडीला अडकवला आणि एकेक धान्य भरून तोललं. हरभरा भरला तर दीड किलोच्या वर. जव सव्वा किलो. गव्हाचा कोंडा जेमतेम साडेचारशे ग्रॅम. डबा तोच, हात तोच, आणि आत काय आहे त्यावर वजनात तिपटीचा फरक. आबा बाजूला उभे होते. त्यांनी काटा स्वतः हातात घेऊन हरभऱ्याचा डबा पुन्हा तोलला. काही बोलले नाहीत.

त्या दिवशी वहीत जे लिहिलं ते अजून तसंच आहे. एका वेळची चंदी: हरभरा-जव मिळून एक किलो चारशे, कोंडा साडेचारशे, गूळ दीडशे, आणि गाईंच्या गोळीपेंडीची दोन ओंजळ. सगळं मिळून सव्वादोन किलो. दिवसातून दोनदा. वैरण: कडब्याच्या तीन पेंढ्या, साधारण एक किलो तीनशेची एक. त्यातली जाड बुडखं ती सोडायची. सकाळी उरलेली बुडखं गोळा करून तोलली तर सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे पोटात जाणारी वैरण दोन किलो साडेसहाशे, आणि धान्य साडेचार किलो. वैरणीपेक्षा चंदी जास्त.

डॉक्टरांना ही वही दाखवली तेव्हा त्यांनी ओसरीवर बसून, माझ्याच पेनाने मागच्या पानावर घोड्याचं पोट काढून दाखवलं. ते चित्र मला दहा पुस्तकांनी शिकवलं नसतं एवढं शिकवून गेलं. घोड्याचं जठर देहाच्या मानाने फार लहान, आठ ते पंधरा लिटरचं. गाईसारखे चार कप्पे नाहीत, रवंथ नाही. पुढे लांब लहान आतडं, आणि त्याच्या मागे प्रचंड मोठं आतडं, जिथे करोडो सूक्ष्म जीव वैरणीचा धागा आंबवून त्यातून ऊर्जा काढतात. हे मागचं आतडं खरं घोड्याचं चुलवण. ते वैरणीवर पेटतं. धान्यातला पिठूळ भाग लहान आतड्यात पचायला हवा. एका वेळी जास्त धान्य दिलं की तो न पचता मागे वाहून जातो, तिथले जीव त्यावर तुटून पडतात, आम्ल आणि वायू तयार होतो. मग पोटशूळ, आणि नशीब वाईट असेल तर खुरांच्या आतली सूज, म्हणजे लॅमिनायटिस. म्हणूनच त्या रात्रीनंतर तीन दिवस त्यांनी मला सकाळ-संध्याकाळ खुरांवर हात ठेवून गरम लागतात का बघायला लावलं होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती वेळेची. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी. आणि लाळ सुटते ती फक्त चावताना. रानातलं घोडं दिवसातले पंधरा-सोळा तास चरत असतं, त्यामुळे आम्लाला लाळेचा उतारा मिळत राहतो. आमच्या शेवंतीची वैरण रात्री नऊला संपायची आणि सकाळी सहाला पुन्हा काहीतरी मिळायचं. नऊ तास रिकामं पोट. ती दावणीची लाकडी कड कुरतडायची. आम्हाला ती खोड वाटायची. फळी दर वर्षी बदलत होतो.

तर आकडा कसा बांधायचा. वैरण कोरड्या अंशात मोजायची, आणि ती रोज वजनाच्या किमान दीड टक्का तरी पोटात गेलीच पाहिजे. सगळं मिळून खाणं दोन ते अडीच टक्क्यांच्या घरात. कोरडा अंश ही गोष्ट मला नीट कळायला वेळ लागला. सुक्या कडब्यात शंभर किलोमागे नव्वद किलो चारा असतो. हिरव्या लसूणघासात वीसच, बाकी पाणी. दहा किलोचा हिरवा भारा डोळ्याला डोंगराएवढा दिसतो आणि पोटात जातो दोन किलो. पण हा कोवळा घास आतड्यात भराभर आंबतो, म्हणून तो एकदम टाकला की पोट फुगतं. भरपूर दिसतं, वैरण म्हणून कमी पडतं, आणि वायू जास्त करतं.

शेवंतीचं वजन थोडं उतरवायचं होतं, म्हणून आम्ही ठरवलं: कडबा तीन किलो, वाळलेलं डोंगरी गवत अडीच किलो, लसूणघास सहा किलो, तोही सकाळी कापून दिवसभर सावलीत सुकवलेला. कोरड्या अंशात सव्वासहा किलोच्या जवळ. चंदी दिवसाला फक्त एक किलो, पाऊण किलो भरडलेला जव आणि पाव किलो भिजवलेला हरभरा, दोन वेळांत अर्धा-अर्धा. रपेट असेल त्या दिवशी अर्धा किलो जव जास्त, तोही तिसऱ्या वेळी वेगळा. शंभर किलो वजनामागे अर्धा किलो ही एका वेळच्या धान्याची शेवटची हद्द. आमच्या घोडीला ती एक किलो आठशे बसते, आणि आम्ही गेली कित्येक वर्षं दोनदा ती ओलांडत होतो.

आबांना हे पटणं सोपं नव्हतं. साडेचार किलोंची चंदी एका किलोवर आणायची म्हणजे त्यांच्या लेखी घोडीची उपासमार. "घोडं दाण्यावर पळतं, पोरी. गवतावर म्हैस जगते." मी वाद घातला नाही, कारण त्यांच्या कितीतरी सवयी बरोबरच होत्या आणि ते मी त्यांना मोकळेपणाने सांगितलं. चंदीच्या आधी पाणी आणि वैरण, हे त्यांनी कधी चुकवलं नाही. घाम वाळल्याशिवाय तोबरा चढवला नाही. हरभरा रात्रभर भिजवल्याशिवाय दिला नाही. थंडीत हुलगा द्यायचे तो शिजवूनच. इंग्रजीत तर हुलग्याचं नावच घोड्यांवरून पडलंय. चूक एवढीच की माप वाढत गेलं आणि काम कमी होत गेलं. आबांच्या तरुणपणी घोडं रोज पंधरा-वीस किलोमीटर चालायचं. शेवंती आठवड्यातून दोनदा रपेटीला जाते.

बदल एका दिवसात करायचा नाही, यावर डॉक्टरांचा सगळ्यात जास्त जोर होता. आतड्यातल्या जीवांना नव्या खाण्याची सवय व्हायला दीड-दोन आठवडे लागतात. आम्ही चौदा दिवस घेतले. दर दोन दिवसांनी चंदीतून पाचशे ग्रॅम कमी, त्याच्या जागी गवताची भर. वैरण पाच वेळांत वाटली: पहाटे साडेपाच, नऊ, एक, पाच आणि रात्री साडेनऊ. सगळ्यात मोठा वाटा रात्रीचा. ती सावकाश खावी म्हणून मुलाने दोन इंची भोकांची नायलॉनची जाळी आणली, त्यात गवत भरून टांगलं. चार दिवसांत ती काढून टाकली, कारण शेवंतीच्या पायात नाल आहे आणि लोळताना खूर जाळीत अडकला तर पाय मोडेल ही भीती मला झोपू देईना. आता रात्रीचं गवत रुंद टोपल्यांत तीन कोपऱ्यांत ठेवतो. ती एकीकडून दुसरीकडे फिरत खाते, मान खाली घालून, जशी रानात खाईल तशी.

कडब्याची कुट्टी करायची की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. गाईंसाठी यंत्र आहेच. पण यंत्रातून निघणारी बारीक कुट्टी घोडं न चावता गिळतं, घशात अडकू शकते, आतड्यात गोळा होऊ शकते. शेवटी पाती बदलून दोन-तीन इंचांचे तुकडे केले, जाड बुडखं गाईंकडे गेली. कुट्टी घोडीला देण्याआधी हातांनी चाळायची. पहिल्याच आठवड्यात मला त्यात तारेचा तुकडा आणि पेंढीला बांधलेल्या प्लास्टिकच्या सुतळ्या सापडल्या.

काही गोष्टी पूर्ण बंद केल्या. पहिली गोळीपेंड. ती गाईंसाठी असते, त्यात युरिया असू शकतो, आणि काही जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं असतात. गाईला ती सोसतात, पण घोड्याच्या हृदयाला फार थोड्या प्रमाणातही मारक. आम्ही इतकी वर्षं दोन ओंजळी टाकत होतो आणि काही झालं नाही, ते निव्वळ सुदैव. आता गाईंचं खाद्य दुसऱ्या खोलीत, दाराला कडी. दुसरं, मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा. शेजारी मोठ्या बॅगा भरतात, गाई खुशीत खातात, पण मुरघासात बोट्युलिझमचं, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं, विष तयार झालं तर घोडं त्याला सगळ्यांत आधी बळी पडतं. तिसरं, हिरवी ज्वारी. पोटरीत येण्याआधीच्या ज्वारीने जनावरं मरतात हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण घोड्यावर ज्वारीवर्गीय हिरव्या चाऱ्याचा आणखी एक परिणाम होतो, मूत्राशय आणि मागचे पाय लुळे पडतात. पूर्ण पिकलेल्या, खडखडीत वाळलेल्या मालदांडी ज्वारीच्या कडब्याला डॉक्टरांची हरकत नव्हती, फक्त तोच एकटा नको, गवताच्या जोडीने द्या म्हणाले.

आणि कोंडा. गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात कालवून, वर गूळ, हे आबांचं घोड्यासाठीचं पक्वान्न. कोंड्यात कॅल्शियमच्या जवळजवळ आठ-दहा पट फॉस्फरस असतो. घोड्याला दोन्ही हवेत, पण कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी पडता कामा नये, सव्वा-दीडपट असलेलं उत्तम. फॉस्फरस सतत जास्त गेला की शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं, आणि जबड्याची हाडं पोकळ होऊन तोंड सुजल्यासारखं दिसायला लागतं. पूर्वी पिठाच्या गिरणीवरच्या घोड्यांना कोंड्यावर जगवायचे, त्यांच्यात हा आजार इतका दिसायचा की तो गिरणीवाल्यांच्या नावाने ओळखला जाई. त्यात आमच्या भागात उसाचं वाढं आणि हत्तीगवत फुकटात मिळतं. दोन्हींतलं ऑक्झॅलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणजे दुखण्यावर डाग. वाढं घोड्यांच्या दावणीतून गेलं. लसूणघासात मात्र कॅल्शियम भरपूर, फॉस्फरसच्या पाचपट तरी. त्यामुळे तोच घास, ज्याने त्या रात्री घात केला, योग्य मापात आणि रोज दिला तर जवाच्या चंदीचा तोल सांभाळतो. मला हे समजल्यावर त्या वाफ्याकडे बघायची माझी नजर बदलली.

मीठ राहिलंच होतं. घोड्याला विचारून मीठ कोण देतं? रोज वीस-पंचवीस ग्रॅम साधं मीठ चंदीत, घाम आलेल्या दिवशी त्याहून जास्त, शिवाय दावणीत सैंधवाचा खडा. पाणी पहिल्यांदा मोजलं तेव्हा कळलं की उन्हाळ्यात ती पंधरा लिटरच्या तीन बादल्या पिते, आणि टाकी शेवाळलेली असेल तर दोनच. टाकी आता एक दिवसाआड घासली जाते.

जुलैत घेर १६४ आला. वजन ३४४. बरगड्या बोटांना लागल्या. दावणीची नवी फळी अजून शाबूत आहे. मुलगा म्हणतो रपेटीत तिचा दम आधीपेक्षा टिकतो. त्या एप्रिलनंतर एकदाही पोट दुखलेलं नाही.

पवनचं मात्र मी आधी चुकवलं. शेवंतीचं गणित जमलं म्हणून त्याच हिशोबाने त्याला वैरण वाढवली आणि तो भरेचना. घेर १५५, लांबी १४५, वजन २९३ किलो, बरगड्या लांबून मोजता येतील अशा. त्याच्या पुढ्यात रोज सकाळी गवताचे ओले, गोळा झालेले चोथे पडलेले असायचे. मी ते झाडून टाकायचे, सांडलेली वैरण समजून. एकदा त्यातला एक चोथा डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी पिळला, आणि काही न बोलता पवनच्या तोंडात घालायचा लोखंडी जबडा गाडीतून काढला. गुंगीचं इंजेक्शन देऊन तोंड उघडलं, बॅटरी मारली आणि मला आत बघायला लावलं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चावून चावून झिजतात. झीज सारखी झाली नाही तर कडा धारदार होतात. पवनच्या वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या आणि गालाच्या आतल्या बाजूला दोन लांब जखमा होत्या. शेवटच्या दाढेला आकड्यासारखं टोक आलं होतं. तो घास चावायचा, दुखायचं, आणि थुंकून टाकायचा. किती महिने ते सांगता येत नाही. मी त्या चोथ्यांवरून रोज झाडू फिरवला होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

अर्धा तास कानस चालली. त्यानंतर त्याचं खाणं वेगळं बांधलं. गवताची कुट्टी दोन तास पाण्यात भिजवून, सुकवलेला लसूणघास बारीक करून, जवाचा भरडा शिजवून, आणि वर खाद्यतेल, पन्नास मिलिलिटरपासून हळूहळू शंभरपर्यंत. दिवसातून पाच लहान जेवणं, शेवंतीपासून वेगळं बांधून, म्हणजे ती त्याच्या घमेल्यात तोंड घालणार नाही. लिदीची जंत-तपासणी करून औषध दिलं. सप्टेंबरात घेर १६०, वजन ३१२. तो खिंकाळतो आता, पहाटे घमेल्याचा आवाज आला की. मधली दोन वर्षं तो खिंकाळत नव्हता, हे तो पुन्हा खिंकाळल्यावर आमच्या लक्षात आलं.

दसऱ्याची धास्ती होती. त्या दिवशी घोड्यांची पूजा होते, गावातली माणसं येतात, जो तो हातातला नैवेद्य घोडीच्या तोंडाशी धरतो. पुरणपोळी, गूळ, पेढा. देवाचं म्हणून कुणाला नाही म्हणता येत नाही. मी आदल्या रात्री पाच किलो गाजरं उभी, लांब चिरली, कारण गोल चकत्या घशात अडकतात, आणि परातीत हळदीकुंकवाशेजारी ठेवली. प्रत्येकाला एकच फोड दिली. पोळ्या गाईंकडे गेल्या. लहान मुलांना तर गाजर जास्त आवडलं, शेवंतीचे ओठ तळहाताला लागतात म्हणून.

पावसाळ्यात मात्र आमचं नियोजन उघडं पडलं. कडब्याची गंज नेहमीसारखी जमिनीवर रचलेली. ऑगस्टमध्ये खालच्या दोन थरांना बुरशी, पेंढी झटकली की पांढरा धुरळा. असा कडबा गाईलाही देऊ नये, घोड्याला तर नाहीच. खोकला लागतो, पोट बिघडतं, आणि बुरशी लागलेल्या मक्याने तर घोड्याचा मेंदू जातो. दीडशेच्या वर पेंढ्या खतात टाकल्या आणि उरलेला महिना गवत विकत शोधत फिरलो.

म्हणून यंदा मार्चमध्येच हिशोब केला. दोन घोडी, रोजची सहा-सहा किलो सुकी वैरण, पावसाचे एकशेवीस दिवस. चौदाशे चाळीस किलो. पेंढ्यांत अकराशे, म्हणजे अकरा शेकडे. माणदेशातून कडबा आणला, प्रत्येक गाडीतल्या चार-पाच पेंढ्या उकलून, वास घेऊन, आतली पानं हिरवट आहेत का बघून. या वेळी फळ्यांचा दीड फूट उंच माळा केला, वर पत्रा, चारी बाजूंनी वारा.

रचून झाल्यावर आबांनी त्यांचं जुनं कात्रण आणलं. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र. दाणा आणि वैरण आत्ताच बेपर्वाईने उधळलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, असा त्याचा आशय. आबांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. पुढे त्यात आहे की रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. तिथे आबांनी मला थांबवलं, उठले, टॉर्च घेतली आणि माळ्याखाली जाऊन वर बघत उभे राहिले. पत्र्याच्या आडव्या वाशाला एक बल्ब टांगलेला होता, त्याची वायर कुरतडलेली, तांब्याची तार उघडी, आणि खाली दोन हातांवर नवा कडबा.

वायरमनला सकाळी बोलावलं आहे. तोपर्यंत मेन स्विच बंद ठेवून, आबा साडेनऊची वैरण अंधारातच तोलतायत, टॉर्च तोंडात धरून, ताणकाट्यावरचा आकडा मला ओरडून सांगत. मी वहीत लिहितेय.